आंगा काय म्हणतो?



अहेरीहून पूर्वेकडे निघालं,
की इंद्रावती लागते.
पलीकडे बस्तर.
तिथल्या गोंड, मुरिया गावांत एक देव आहे.
आंगा त्याचं नाव.

तीन लाकडी ओंडके. शेजारी शेजारी बांधलेले.
मधला ओंडका, तो देव.
त्याला मोरपिसं, चांदीचे दागिने.

चौघेजण त्याला खांद्यावर घेतात.
मग गाव विचारतं.
आजार कुणाच्या कोपाने आला?
चोरी कुणी केली?
देव झुकतो, ढकलतो, धावत सुटतो.
ते त्याचं उत्तर.

मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी मुरियांवर ग्रंथ लिहिला.
साल 1947.
त्यात आंगाचं वर्णन सापडतं.

आता कुणी म्हणेल, चालणारे तर ते चौघेच!
खरं आहे.
पण एकट्याचं तिथं चालत नाही.
खांदे चार, आणि बघणारं सगळं गाव.
निर्णय कुणा एकाचा राहत नाही.
तो देवाचा होतो.
म्हणून हरणाऱ्यालाही तो पचतो.

प्राचीन ग्रीसमध्येही असंच होतं.
डेल्फीच्या देवळात पुजारीण बसे.
तिला पिथिया म्हणत.
इराणी फौज चालून आली, तेव्हा अथेन्सने तिला कौल विचारला.
उत्तर आलं, लाकडी भिंत तुम्हाला तारेल.

भिंत म्हणजे काय?
सभेत वाद पेटला.
कुणी म्हणे, गडावरचं जुनं कुंपण.
अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस म्हणाला, आपली जहाजं!
लोकांना ते पटलं.
सॅलमिसच्या समुद्रात इराणी आरमार हरलं.

म्हणजे पाहा,
कौल देवाचा,
पण अर्थ लावला माणसांनी. चारचौघांत बसून.

आणि गंमत अशी, श्रोतेहो,
तिथंही लाकूडच होतं!