तेल आणि तारुण्यपीटिका



आपल्याकडे बाळाच्या टाळूपासून दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत तेलावाचून चालत नाही. त्यात गैर काही नाही. कोरड्या कातडीला तेलानं मऊपणा येतो. परंतु तान्ह्या बाळाला मानवणारं तेल सोळा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याला मानवेलच असं नाही.

असं का व्हावं? वयात येताना चेहऱ्यावरच्या तैलग्रंथी अधिक पाझरू लागतात. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, तेल आत साचतं, जंतू वाढतात आणि पुटकुळी उठते. सुश्रुतानं हिला ‘मुखदूषिका’ म्हटलं आणि सावरीच्या काट्याची उपमा दिली. अशा चेहऱ्यावर वरून आणखी तेल चोपडणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत पाणी ओतण्यासारखं आहे.

मुंबईत साकीनाक्याच्या लहान कारखान्यांतल्या कामगाराला हे चटकन पटेल. यंत्राच्या तेलानं माखलेले कपडे दिवसभर अंगाला घासले, की मांड्यांवर, हातांवर पुटकुळ्या येतात. ते तेल खनिज, आपलं वनस्पतीचं. पण छिद्र बुजण्याची तऱ्हा तीच. डोक्याला थापलेलं खोबरेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, तेव्हाही हेच घडू शकतं. केसांच्या तेलकट मलमांनी कपाळावर येणाऱ्या अशा पुटकुळ्यांचं वर्णन अमेरिकेतील प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी १९७० साली केलं.

सगळी तेलं मात्र सारखी नव्हेत. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि ते छिद्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे ७० टक्के लिनोलिक आम्ल असतं. मुरमं असलेल्यांच्या त्वचेच्या तेलात नेमकं हेच कमी आढळतं. म्हणून करडई त्यातल्या त्यात सौम्य; पण ते मुरमांवरचं औषध नव्हे. कडुनिंबाचं तेल तर नुसतंच लावल्यास चेहऱ्याची आग होऊ शकते.

तेव्हा करायचं काय? तेल केसांना बेतानं लावावं, कपाळ पुसून घ्यावं. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणानं धुवावा, घासू नये. पुटकुळी फोडू नये, व्रण राहतो. गाठी झाल्या तर डॉक्टरांना दाखवावं.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुरमाचा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. ‘तोंड धूत नाहीस का?’ असं भर वर्गात विचारलेलं मूल शेवटच्या बाकावर जाऊन बसतं. मुरमं पुढं ओसरतात. तो शब्द मात्र मनात राहतो.