देवस्थानच्या पेटीतील कागद



देवालयाच्या शिखराला तडा गेला तर तो चारचौघांच्या नजरेस येतो आणि वर्गणी उभी राहण्यास वेळ लागत नाही. पेटीत मिटून पडलेल्या कागदाला तडा गेला तर तो कोणासच दिसत नाही. वास्तविक कोणते घराणे महाजन, पालखीच्या दिवशी कोणता मान कोणाचा, कोणते भाट आणि कोणते कुळागर देवाचे, या साऱ्याचा आधार तो कागदच असतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांची नावनिशी लिखित स्वरूपात ठेवण्याची शिस्त लावली. तेव्हापासून तर वही ही नुसती आठवण राहिली नाही, ती हक्काचा पुरावा झाली.

गोव्यात दप्तर राखण्याची परंपरा जुनी आहे. १५९५ साली येथील सरकारी दप्तरखाना इतिहासकार दियोगो दो कौतो यांच्या स्वाधीन झाला. त्याच दप्तरात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पुढे आयुष्य वेचले आणि मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने उजेडात आणली. मधल्या काळात कोणीतरी ते कागद सांभाळले, म्हणूनच ते त्यांच्या हाती लागले.

जुना कागद आधी नष्ट होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. पेटी उघडली की अनेकदा उलटेच आढळते. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद हाताला मऊ लागतो, अक्षरे काळीभोर असतात. विसाव्या शतकातील छापील रकान्यांची वही मात्र पान उलटताच काठाशी मोडते. चिंध्या कुटून हातांनी केलेल्या कागदात तंतू लांब आणि चिवट असतात. गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालीत. त्या तुरटीतून उत्पन्न होणारे आम्ल तंतूंना आतून तोडीत जाते. शाईचेही असेच आहे. मोडी लेखकाची शाई काजळ आणि डिंक यांची. ती कागदाला इजा करीत नाही, परंतु पाणी लागले की पसरते. पोर्तुगीज लेखनिकांची शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती पाण्याला सहसा दाद देत नाही, पण तिच्यातील लोह आणि आम्ल कागद खातात. काही जुन्या पोर्तुगीज पानांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक उरलेले दिसते, ते यामुळे. एकाच पेटीत हे दोन्ही जातीचे कागद नांदत असतात. यास्तव एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

वाळवी, कसर आणि बुरशी यांची ओळख करून देण्याची गरज नाही. पावसाळ्यात गोव्याच्या हवेतील दमटपणा वारंवार ८० टक्क्यांच्या वर जातो. बुरशीला ६५ पुरेसा होतो. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच असावे. समईची काजळी आणि अभिषेकाचे पाणी यांच्या शेजारी तर ते नसावेच. बस्ता धुतलेल्या मांजरपाटाचा बरा. तांबड्या रुमालाचा रंग ओल लागली की कागदावर उतरतो.

परंतु सद्धेतूने होणारा नाश वाळवीच्या नाशाहून अधिक दुःखदायक असतो. फाटलेल्या पानाला कोणी चिकटपट्टी लावतो; काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा गोंद पिवळा डाग होऊन कागदात मुरतो. कोणी उत्साही कार्यकर्ता मानाचा कागद बाजारात नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणतो. उष्णतेने चिकटलेला तो पापुद्रा मग निघत नाही, आणि आतले आम्ल आपले काम चालूच ठेवते. या मार्गाची भुरळ तज्ज्ञांनाही पडली होती. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यात कागद बसविण्याची रीत रूढ केली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उष्णतेऐवजी ॲसिटोन वापरून तेच काम हातांनी करण्याची पद्धत निघाली. त्यायोगे असंख्य कागद वाचले, हे नाकारता येत नाही. तथापि तो पापुद्राही कालांतराने बिघडतो, हे नंतर कळून आले. तेव्हापासून जाणकार एक कसोटी लावतात: आज केलेली दुरुस्ती उद्या कागदाला धक्का न लावता उलगडता आली पाहिजे.

त्या कसोटीला उतरते ती गव्हाच्या चिकाची पातळ खळ आणि लांब तंतूंचा तलम जपानी कागद. त्याची पट्टी कात्रीने कापीत नाहीत, हाताने फाडतात, म्हणजे काठाचे तंतू मूळ कागदात मिसळून जातात. वरखाली टीपकागद ठेवून हलक्या दाबाखाली ती वाळू देतात. आम्ल काढण्यासाठी चुन्याच्या निवळीसारखे सौम्य द्रावण वापरतात. मात्र शाईची परीक्षा केल्यावाचून कागदाला थेंबभरही पाणी लावू नये, आणि ते काम तज्ज्ञाचेच. छप्पर गळून वह्या भिजल्या तर उन्हात पसरू नयेत. पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवाव्यात. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळविणे शक्य नसेल तर शीतपेटीत गोठवून ठेवाव्यात.

या सगळ्याआधी करावयाचे काम निराळेच आहे. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, आणि पेटीत काय काय आहे याची यादी करावी: तारीख, विषय, लिपी, पानांची संख्या, मोहोर आहे की नाही. मोडी वाचणारे वडीलधारे आता थोडे उरले आहेत. यादीस बसताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे. समिती दर तीन वर्षांनी बदलते, आणि पेटीची किल्ली तेवढी हातोहात पुढे जाते. त्या किल्लीबरोबर ही यादीही नव्या समितीने पेटीतील कागदांशी ताडून, सही करून घ्यावी.