पुढे काय शिकायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या युवक-युवती मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने विषय दिला तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. वेबसाईट बनवायला आणि प्रोग्रामिंग करायला शिकणाऱ्या मुलांनी पुढे काय शिकावे, असा विषय. आम्ही पडलो गिरणी कामगार. उमेदीची वर्षे साचाखात्यात गेली. नववीत शाळा सुटली, दहावी रात्रशाळेतून केली. आम्ही यावर काय बोलणार? पण समितीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, तुमच्या घरात या प्रश्नावरून दोन महिने भांडण चाललं होतं, ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे. तेच सांगा." हे मात्र खरे आहे. म्हणून उभे राहिलो. चुकले तर पोरांनी सांभाळून घ्यावे.

आज आपल्या वस्तीत दर दुसऱ्या घरात एक मुलगा नाहीतर मुलगी हे शिकते आहे. एचटीएमएल येते, सीएसएस येते, मोबाईलवर बघून थोडीफार जावास्क्रिप्ट केलेली असते. आणि तिथेच गाडी अडते. एक मित्र सांगतो पायथन कर. दुसरा सांगतो रिॲक्टशिवाय नोकरी नाही. तिसरा म्हणतो, आता सगळे एआयच लिहिते, शिकून काय करणार? क्लासवाला म्हणतो, आम्ही सगळेच शिकवतो, ऐंशी हजार भरा. ते ऐंशी हजार काढायचे पतपेढीतून आणि फेडायचे आईने. म्हणून हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही, तो घराच्या पोटाचा प्रश्न आहे.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. फ्रान्समध्ये लिऑन नावाचे रेशमाचे शहर आहे. तिथल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर पुठ्ठ्याचे पत्ते बसवले. पत्त्याला भोक असले की ताण्याचा धागा वर उचलला जातो, भोक नसले की खाली राहतो. पत्ता बदलला की नक्षी बदलली, माग तोच. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पत्त्यांची कल्पना घेतली, आणि एडा लव्हलेसने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिली. आज जगभर प्रोग्रामिंगचा इतिहास सांगताना त्या टिपणांचे नाव निघतेच. म्हणजे मुलांनो, तुम्ही जे शिकताय त्याचे एक मूळ आमच्या खात्यात आहे. संगणकाला घाबरू नका, तो आपल्या नात्यातला आहे.

खात्यात आम्ही एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. साचे बदलले, धोट्याचे जाऊन बिनधोट्याचे आले. तेव्हा काही कामगार एका दिवसात अडाणी ठरले आणि काही जण महिन्याभरात नव्या साच्यावर उभे राहिले. फरक काय होता? पहिल्यांना आपल्या साच्याचा दांडा कुठे ओढायचा एवढेच ठाऊक होते. दुसऱ्यांना ताणा-बाणा कळत होता, धागा का तुटतो ते कळत होते. दांडा बदलला, पण वीण काही बदलली नाही.

आता याच गोष्टीची संगणकातली बाजू. ही आमच्या घरातली जखम आहे. २००९ साली आमच्या पुतण्याला आम्हीच एका क्लासमध्ये घातले. तेव्हा फ्लॅशचा बोलबाला होता. वेबसाईटवर नाचणारी चित्रे, सरकणारी बटणे, सगळे फ्लॅशमध्ये. क्लासने शंभर टक्के नोकरीची हमी दिली. आम्ही पतपेढीचे कर्ज काढले, जामीनही आम्हीच राहिलो. पोराने वर्षभर मन लावून केले. पण आयफोनवर फ्लॅश कधी चाललेच नाही. लोक मोबाईलवर वेबसाईट बघायला लागले तशी कामे आटत गेली. २०१७ साली अडोबी कंपनीने फ्लॅश बंद करणार म्हणून जाहीर केले आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते कायमचे बंद झाले. त्याच्या कितीतरी आधी आमचा पुतण्या कुरियरच्या कामाला लागला होता. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसणारा एक मुलगा आज चांगल्या कामावर आहे. तो फ्लॅशमध्ये चित्रे नाचवत बसला नाही. फ्लॅशच्या आत ॲक्शनस्क्रिप्ट नावाची भाषा होती, ती त्याने नीट शिकून घेतली. ही ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट एकाच प्रमाणावर उभ्या, सख्ख्या बहिणीच म्हणा. फ्लॅश मेले तेव्हा तो महिन्या-दोन महिन्यांत जावास्क्रिप्टवर गेला. फी दोघांनी तेवढीच भरली होती. एकजण दांडा शिकला, दुसरा वीण शिकला.

तेव्हा कोणतीही नवी गोष्ट समोर आली की पहिला प्रश्न विचारा, यातले किती वीण आहे आणि किती दांडा? उदाहरणे देतो. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, त्या वेबसाठी तयार झालेली एचटीएमएल अजून चालू आहे. सीएसएस १९९६ पासून. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहाएक दिवसांत उभी केली, ती आज प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. माहितीच्या कोठारातून माहिती काढायची एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये १९७४ साली पुढे आली. आमच्यातल्या कित्येकांचे तेव्हा पाळणे हलत होते. ती आजही बँकेपासून रेशनपर्यंत पोटाला लावते आहे. ही झाली वीण. रिॲक्ट २०१३ साली आले. ते उपयोगी आहे, नोकरीच्या जाहिरातीत त्याचे नाव असते, ते शिकायचेच आहे. पण ते जावास्क्रिप्टवर उभे आहे. खालची जावास्क्रिप्ट कच्ची असेल तर रिॲक्टचे पाठांतर होते, काम होत नाही.

आता आमच्या घरचे भांडण. आमची धाकटी मुलगी दिवसा औषधाच्या दुकानात काम करते. रात्री तिच्या हातात दोन तास, एक जुना लॅपटॉप आणि स्वतःचे साठवलेले वीस हजार रुपये. तिला एचटीएमएल, सीएसएस चांगले येत होते. आमचे म्हणणे पायथन शीक, कारण पेपरात वाचले होते. तिच्या आईचे म्हणणे क्लास लाव, निदान सर्टिफिकेट मिळेल. पोरगी म्हणाली, "पप्पा, पायथन चांगलंच आहे. माहितीची आकडेमोड, एआयचं काम करायचं असेल तर तेच शिकावं लागेल. पण मला वेबपेज करायचंय आणि ब्राउझरला मुळात कळते ती जावास्क्रिप्ट. मी कुठे जायचं ते तुम्ही ठरवताय, पण चालणार मी आहे ना?"

आम्हाला राग आला. आठ दिवस बोललो नाही. मग एका रविवारी कागद घेऊन बसलो. तिने आपल्याला जमतील अशा नोकऱ्यांच्या वीस जाहिराती छापून आणल्या. प्रत्येकीत काय मागितले आहे त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. जावास्क्रिप्ट जवळजवळ सगळीकडे होती. गिट होते. एसक्यूएल पुन्हा पुन्हा येत होते. पायथन तिच्या कामाच्या जाहिरातींत क्वचित. आम्ही पेन्सिल खाली ठेवली. बाप चुकला, हे कबूल करायला लाज कसली?

पण तिचेही एक म्हणणे गळून पडले. तिला सरळ रिॲक्टवर उडी मारायची होती. आम्ही म्हटले, आधी या विहाराच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी करून दाखव. नाव घालता यावे, काढता यावे, शोधता यावे, अकारविल्हे लागावे. कुठलेही तयार सामान न घेता. तिला वाटले आठ दिवसांचे काम. लागले दोन महिने.

काय काय अडले ते ऐकण्यासारखे आहे. शीर्षकाची अक्षरे उठून दिसावीत म्हणून तिने अक्षरांतले अंतर वाढवले, तर मराठीची शिरोरेषाच तुटली. इंग्रजीत चालते ते आपल्या लिपीत चालत नाही. ओळींमधले अंतर कमी ठेवले तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसले. आपल्या एका आजोबांनी फोन नंबर मराठी आकड्यांत टाईप केला, तर प्रोग्राम म्हणे हा आकडाच नाही! बरोबर आहे, जावास्क्रिप्टला '१२' हे आपोआप बारा वाटत नाहीत, ते बदलून द्यावे लागतात. आणि यादी लावली तर काळे आधी, कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या पुढे, पण संगणकाच्या अक्षरक्रमांकात तो ल च्या लगेच शेजारी बसलाय. मराठीच्या क्रमाने लाव असे त्याला वेगळे सांगावे लागते. हे कुठल्याही झटपट क्लासमध्ये शिकवत नाहीत. पण ज्याला हे येते तो मराठी माणसासाठी वेबसाईट बनवू शकतो. हे सोडवता सोडवता पोरीची जावास्क्रिप्ट पक्की झाली. मगच रिॲक्ट हातात घेतले, तर ते तिला सोपे गेले.

सांगण्याचे तात्पर्य, आमच्या अल्पमतीप्रमाणे पुढची पायरी अशी ठरवावी.

पहिले, आपल्याला काय येते ते न बघता करून पाहा. व्हिडिओ बघताना सगळ्यांनाच सगळे कळते. व्हिडिओ बंद करून कोऱ्या पानावर जे उमटते, तेवढेच आपले.

दुसरे, कोणत्या खात्यात जायचे ते ठरवा. कताई, विणाई आणि रंगाई एकच माणूस करत नाही. दर्शनी बाजू आवडत असेल तर जावास्क्रिप्ट खोलात, मग रिॲक्ट. मागची बाजू, म्हणजे माहिती साठवणे, हिशेब, लॉगिन आवडत असेल तर एसक्यूएल आणि सर्व्हरची एक भाषा. जावास्क्रिप्ट येत असेल तर नोडमुळे तीच भाषा सर्व्हरवरही चालते, नवी शिकण्याची घाई नको. चित्राचा हात असेल, रंग-अक्षरांची जाण असेल तर डिझाइनकडे वळा. आणि घरात लगेच चार पैसे यायची निकड असेल तर वर्डप्रेस आणि थोडी पीएचपी शिका. किराणावाला, शिकवणीवाला, छोटा दवाखाना यांची कामे त्यावर होतात. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरे, गिट सगळ्यांनीच शिका. आपल्या कामात केव्हा काय बदलले त्याची ती रोजवही आहे. चार माणसांत काम करायचे तर तिच्यावाचून चालत नाही.

चौथे, एकदा ठरवले की तीन महिने बदलायचे नाही. दर आठवड्याला नवे धरले तर ताणाही पुरा होत नाही आणि बाणाही.

पाचवे, पैसे. फ्रीकोडकॅम्प फुकट आहे. एमडीएन या संकेतस्थळावर वेबची सगळी माहिती फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर मराठीतून पाठ ऐकता येतात. क्लास वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. कोणी हात धरून बसवणारा लागतो, हे आम्हाला रात्रशाळेमुळे ठाऊक आहे. पण पैसे भरण्याआधी मागच्या वर्षीच्या चार मुलांना भेटा आणि त्यांनी स्वतः केलेले काम बघायला मागा. नोकरीची हमी म्हणाले तर ती लेखी मागा. कर्ज काढून क्लास लावू नका. हे आम्ही जामीनदार म्हणून सांगतो.

राहता राहिले एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले तेव्हापासून पालक विचारतात, आता शिकून काय उपयोग? यंत्र कोड लिहिते हे खरे आहे. आमच्या पोरीनेही लिहून घेतला. एकदा सभासदाच्या नावावरून शोध घेण्याचा कोड त्याने दिला, दिसायला अगदी छान. पण माणसाने पेटीत टाईप केलेला मजकूर त्याने जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात जोडला होता. असे केले की वाईट हेतूचा माणूस त्या पेटीतून सगळी माहिती उपसू शकतो. तिला एसक्यूएल येत होते म्हणून तिच्या लक्षात आले. खात्यातही साचा आपला आपण विणतो, पण कापडातला दोष ओळखायला माणूस लागतोच. ज्याला दोष ओळखता येत नाही त्याची जागा मात्र जाईल, हे आम्ही लपवून ठेवणार नाही. नवशिक्यांना पहिली नोकरी मिळणे आज सोपे नाही.

शेवटी खरे तेच सांगतो. आमच्या मुलीला अजून नोकरी लागलेली नाही. एका दुकानाचे काम मिळाले, त्याचे पैसे आले, दुसरे बोलणे चालू आहे. दिवसा ती अजून औषधाच्या दुकानातच असते. पण तिचे वीस हजार शिल्लक आहेत, डोक्यावर कर्ज नाही, आणि यापुढे काय शिकायचे ते ती कोणाला विचारत नाही. स्वतः ठरवते.

वाचनालयाची यादी आता चालू झाली आहे. ज्यांची नावे राहिली असतील त्यांनी सभेनंतर तिच्याकडे द्यावीत. आणि हो, फोन नंबर मराठी आकड्यांत दिला तरी चालेल.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम.