चालू स्विचचा पॉवर सप्लाय बदलताना

मोठ्या शाळेतले किंवा रुग्णालयातले संगणक तारांनी एका पेटीला जोडलेले असतात. तिला नेटवर्क स्विच म्हणतात. ती बंद पडली की साऱ्यांचा संपर्क तुटतो. म्हणून मोठ्या स्विचमध्ये वीज पुरविणारे दोन संच, म्हणजे पॉवर सप्लाय, बसवतात. एक बिघडला तर दुसरा भार ओढतो, आणि काम न थांबवता बिघडलेला बदलता येतो.

पण हात घालण्यापूर्वी पाहा: राहिलेला संच एकटा सारा भार पेलेल काय? काही स्विच तारेतूनच कॅमेऱ्यांना व टेलिफोनांना वीज देतात. तिथे कधी दोघे मिळूनच भार उचलतात. मग एक काढला की काही उपकरणे बंद पडायचीच. बिघडलेला कोणता, हे त्याच्या दिव्यावरून दोनदा पाहा. चुकून चांगला ओढलात, तर सगळेच थांबेल!

नवा संच त्याच मेळाचा आणि पंख्याचा वारा त्याच दिशेने सोडणारा हवा. आधी वीजतार काढा, खिट्टी सोडवून संच सरळ बाहेर घ्या आणि लगेच नवा बसवा. जागा फार वेळ उघडी राहिली, तर आतला वारा भलतीकडे जाऊन यंत्र तापते. तार जोडून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. दुसराही बदलायचा असेल, तर त्यानंतरच.

चिखलातून चालताना आपण पुढचा पाय टेकल्याशिवाय मागचा उचलत नाही. इथेही तेच.