केळ्यावरच्या चिलटाची साक्ष



आज मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या एका पाहुण्याबद्दल बोलणार आहे. केळी जास्त पिकली की त्यांवर लाल डोळ्यांची चिमुकली चिलटं जमतात. याच चिलटांवर काम करून अमेरिकेतले शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी आनुवंशिकतेतली गुणसूत्रांची भूमिका दाखवली आणि 1933 साली त्यांना नोबेल मिळालं.

भिंगातून चिलट पाहा. मादीचं पोट शेवटी निमुळतं असतं, नराचं बोथट आणि काळं. नराच्या पुढच्या पायांवर काळ्या केसांची इवलीशी फणीसुद्धा दिसते. नर की मादी, हे एक्स गुणसूत्रांवर ठरतं. दोन एक्स गुणसूत्रं असली की सेक्स-लेथल नावाचं जनुक कामाला लागतं आणि अंडाशय घडतं. एकच एक्स असेल तर ते जनुक बंद राहतं आणि वृषण घडतात. मग नराजवळचं वाय गुणसूत्र कशाला? 1916 साली शास्त्रज्ञ ब्रिजेस यांनी दाखवलं, की एकच एक्स असलेलं, वाय नसलेलं चिलट नरच असतं, पण त्याचा वंश चालत नाही. शुक्राणू पूर्ण घडायला वाय लागतो.

माणसाची रीत वेगळी. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. पुढे वायवरचं एसआरवाय जनुक जागं झालं, की वृषण घडू लागतात. म्हणून दोन एक्स आणि एक वाय असलं तर चिलटात मादी, माणसात पुरुष!

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. आईजवळ द्यायला एक्सच असतो. एक्स जाणार की वाय, हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, आणि तेही कुणाच्या इच्छेनं नाही. तरीही तिसरी मुलगी झाली म्हणून माहेरी धाडलेली सून मी डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या महाराष्ट्रानं 1988 साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. पण कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतो. घरातले टोमणे आपणच थांबवायचे आहेत.

मुलांनो, बाटलीत केळ्याचा तुकडा ठेवा, चिलटं आली की कापसाचा बोळा लावा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी दिसेल. भिंग आधी आजीच्या हातात द्या, आणि तिला सांगा: मुलगी झाली यात आईचा काहीच दोष नसतो.