पाहुण्याची वही आपल्याच हातात

(विटा येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत द्राक्षाचा भाव नाही, उसाचा हप्ता नाही, टेंभूचे आवर्तन नाही. शेतावर पाहुणा आणायचा, दोन दिवस ठेवायचा, जेवू घालायचा आणि त्याचे दाम घ्यायचे, हा विषय आहे. हा विषय कशाला काढला, असे काहींनी सकाळी चहाच्या वेळी विचारलेही. कारण सांगतो. आम्ही कृषीचे पदवीधर म्हणून आजवर लोक आमच्याकडे खताचा, औषधाचा, वाणाचा सल्ला विचारायला येत. आता तरुण मुले येतात ती खोल्या किती बांधाव्यात हे विचारायला. आपली पोरे कर्ज काढून ज्या बाजारात उतरतात, तो बाजार कसा चालतो हे पाहणे आपल्या चळवळीचे काम आहे.

कृषी पर्यटन आपल्याकडे नवे नाही. बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ साली त्याची सुरुवात केली. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण काढले, आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होऊ लागली. म्हणजे धंद्याला मान्यता आहे. प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. गिऱ्हाईक आता एस.टी. स्टँडवर उतरून लॉज शोधत नाही. तो घरी बसून मोबाईलमध्ये शोधतो. तिथे ज्याचे नाव दिसते त्याचा धंदा होतो. हाच आजचा बाजार आहे, आणि या बाजारातही अडत्या बसलेला आहे.

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याची गोष्ट सांगतो. तो आज इथे बसला आहे. नाव सांगू नका म्हणाला. घाटमाथ्यावर त्याने चार खोल्या बांधल्या. एका बुकिंग कंपनीच्या संकेतस्थळावर नाव घातले. पहिला हंगाम चांगला गेला. हुरड्याच्या दिवसांत शनिवार-रविवार जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याचे नाव यादीत खाली गेले. वर यायचे तर दलाली वाढवा, सवलत द्या, असा निरोप आला. त्याने ते केले नाही. पाहुणे आटले. आम्ही त्याला म्हणालो, गेल्या वर्षी आलेल्या पाहुण्यांना फोन कर. तो म्हणाला, फोन नंबर कुठे आहेत? सगळे कंपनीकडे.

यात चूक आमचीही आहे. खोल्या बांध, हे आम्हीच त्याला सांगितले होते. पाहुण्याची वही ठेव, हे सांगायचे राहिले.

आता पट्टी मांडू. आपण अडत्याची पट्टी वाचायला शिकलो तेव्हा आपल्याला लूट कळली. तशी ही पट्टी वाचा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. आपापले घालून पाहा.

समजा, खोलीचा भाव २,००० रुपये. कंपनीच्या सवलत योजनेत १० टक्के गेले. पाहुण्याने १,८०० दिले. त्यावर २० टक्के दलाली, म्हणजे ३६०. दलालीवर १८ टक्के जीएसटी, सुमारे ६५. हातात आले १,३७५. जेवण, चहा, धुलाई, वीज, मजुरी यांचे ६७५ धरा. उरले ७००. समजा, दहा लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १७,१०० रुपये बसतो. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्यात २५ वेळा खोली लागली पाहिजे.

तोच पाहुणा, तेच १,८०० रुपये, पण त्याने फोन थेट तुम्हाला केला. मग खोलीमागे १,१२५ उरतात, आणि हप्ता १६ वेळांत फिटतो. मधल्या नऊ रात्री तुमच्या घरातल्या बाईने भाकरी थापली, चादरी धुतल्या, त्या कोणासाठी? आपला माणूस दुष्काळाने बुडाला तर लोक हळहळतात. या नऊ रात्रींनी बुडाला तर त्यालाच नावे ठेवतात, की धंदा जमला नाही.

कोणी म्हणेल, कंपनी जाहिरात करते, तिने फुकट का करावी? बरोबर आहे. ओळख करून देणाऱ्याला ओळखीचे दाम द्यावे. आमचा विरोध दामाला नाही, बांधून घेण्याला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३ कोटी ४८ लाखांचा आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला. मेकमायट्रिपच्या करारात एक अट होती: आमच्याकडे जो भाव लावाल त्याहून कमी भावाने खोली दुसऱ्या संकेतस्थळावर किंवा तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विकायची नाही. माल माझा, घर माझे, आणि माझ्या दारात मी काय भाव घ्यावा हे दुसरा ठरवणार! आयोगाने अशा अटी काढायला सांगितल्या. कंपन्या अपिलात गेल्या. पण आपल्याला घ्यायचा धडा हा की ही तक्रार एकट्यादुकट्या हॉटेलवाल्याची नव्हती, त्यांचा महासंघ तिथे गेला होता. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय २०१६ साली राज्यात झाला, तोही एकट्याच्या अर्जाने झाला नाही. म्हणून करारावर अंगठा उठवण्याआधी ही अट आहे का ते वाचा, आणि वाचता येत नसेल तर बैठकीत घेऊन या.

दुसरे उदाहरण शेजारच्या कासचे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. मोबाईलवरून फुलांचे फोटो गावोगाव फिरले. लोक इतके आले की ज्या फुलांसाठी आले तीच पायाखाली जाऊ लागली. मग रोजची संख्या ठरवावी लागली, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क आले. ते काम वन विभागाबरोबर पठारावरच्या गावांच्या समित्या पाहतात. म्हणजे इंटरनेट वापरूनही नोंदणीची किल्ली गावाकडे राहू शकते. आणि जाहिरात पाण्यासारखी असते. किती सोडायची हे आधी ठरवले नाही तर रान वाहून जाते. चार खोल्या असतील तर चाळीस माणसे बोलावू नका.

आता आपला पाहुणा कोण? पुण्याच्या माणसाला दीड तासावर मुळशी आहे, तो दर शनिवारी विट्याला येणार नाही. पोहण्याच्या तलावाचे फोटो टाकून आपण त्या शर्यतीत धावू नये. आपला पहिला पाहुणा आपलाच आहे. या भागातली गलाई माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरली आहेत. त्यांचा धंदा कोणत्या जाहिरातीने पसरला? मामाने भाच्याला नेले, भाच्याने गावातल्या चौघांना नेले. विश्वासाने पसरला. ही माणसे यात्रेला, दसऱ्याला, लग्नाला गावी येतात. त्यांची मुले परगावी वाढली. त्यांना ज्वारीचे कणीस आणि मक्याचे कणीस यांतला फरक सांगावा लागतो. त्यांच्या शेजारचे, शाळेतले, बाजारपेठेतले लोक आहेत. प्रत्येक गावच्या गलाई मंडळींचा व्हॉट्सअॅपवर गट आहे. तिथे टाकलेला एक खरा फोटो हजार रुपयांच्या जाहिरातीला भारी आहे.

आणि दाखवायला काय आहे म्हणाल, तर दसऱ्याची रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत आहे, रेणावीचे देऊळ आहे, माणसाच्या हाताने उभे केलेले सागरेश्वरचे अभयारण्य आहे, पलीकडे यशवंतरावांचे देवराष्ट्रे आहे, खटावात मायणीचा तलाव आहे. घाटमाथ्याची द्राक्षे आणि माळावरचा हुरडा तुमच्या शेतातच आहे.

कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली: गुगलच्या नकाशावर आपल्या केंद्राची नोंद करा. ती फुकट होते. नाव, फोन, नेमका रस्ता, जेवणाचा भाव आणि खोलीचा भाव लिहा.

दुसरी: फोटो खरे टाका आणि त्यावर महिना लिहा. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून आपण किती वेळा फसलो? तेच आपण पाहुण्याशी करू नये. आपला एप्रिल करडा असतो. करडा माळ दाखवा, त्याखाली लिहा की हिरवे पाहायचे तर श्रावणात या. फसलेला पाहुणा नुसता परत जात नाही, चार ओळी लिहून जातो, आणि त्या वर्षानुवर्षे राहतात. वाईट लिहिले तरी भांडू नका. काय सुधारले ते नम्रपणे लिहा.

तिसरी: कंपनीकडून आलेला पाहुणा पहिल्यांदा येईल, त्याची दलाली द्या. पण निघताना त्याला विचारून नाव, गाव, फोन वहीत लिहून घ्या. पुढच्या हुरड्याला त्याला आपला निरोप गेला पाहिजे. नको म्हणेल त्याला मात्र त्रास देऊ नका.

चौथी: फसवणूक ओळखा. सैन्यातला अधिकारी आहे, वीस माणसांचे बुकिंग आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका, असा फोन येतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपले जातात.

पाचवी: एकट्याने बाजारात उभे राहू नका. खानापूर-कडेगाव-आटपाडीच्या केंद्रांनी मिळून एक यादी, एक फोन आणि एक वही करावी. एकाकडे जागा भरली तर पाहुणा दुसऱ्याकडे पाठवावा.

शेवटी एक आठवण. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी-तांदूळवाडीची माणसे म्हणाली, नदी आमची तर वाळूवर पहिला हक्क आमचा. आणि त्या वाळूच्या पैशाची जोड घेऊन त्यांनी बळीराजा स्मृती धरण बांधले. पाहुण्याची ओळख ही आपली आजची वाळू आहे. ती दुसऱ्याने उपसून न्यायची आणि आपल्यालाच विकायची, असे होऊ द्यायचे नाही.

ज्या कार्यकर्त्याची गोष्ट सांगितली, त्याच्या चार खोल्या अजून उभ्या आहेत, आणि हप्ताही चालू आहे. या हंगामात त्याच्या वहीत पहिली नावे आपण घालायची आहेत. प्रत्येकाने आपल्या गलाईवाल्या एका नातेवाइकाला आजच रात्री फोन करावा, हे ठरवूनच इथून उठू या.