वार्धक्यातील मन आणि न्याय्य आरोग्यविमा

(पिपलानी, भोपाळ येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



श्रींच्या कृपेने आज आपण पिपलानीत एकत्र जमलो आहोत. भेलच्या कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. परंतु कुळागर, देवघर आणि वडीलधारी माणसे गोव्यात गावीच राहिली. त्या माणसांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

माझे वडील बंधू निवर्तल्यानंतर वहिनी गावच्या मोठ्या घरात एकट्या राहिल्या. प्रथम त्यांची झोप गेली, मग अन्नावरची वासना उडाली. पुढे तिन्हीसांजेला देवापुढे दिवाही लागेनासा झाला. 'वयोमानाने असे व्हायचेच', असे म्हणून आम्ही वर्षभर स्वस्थ बसलो. अखेर डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले. विमा होता, परंतु इस्पितळात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च त्यात बसत नव्हता. उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात घालविलेल्या या कारकुनाने घरचे विमापत्र मात्र कधी वाचले नव्हते!

मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने वैद्यकीय विमा द्यावा, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. हे स्तुत्य आहेच. तथापि विम्याचा मुख्य भर इस्पितळातील खाटेवर असतो. मोडलेल्या हाडाला खाट लागते. खचलेल्या मनाला बहुधा लागत नाही. म्हणून नियम समान असूनही फळ मात्र विषम मिळते.

खाटेविना होणारे उपचार कुचकामी नव्हेत. आपल्याच गोव्यात, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या साठीपुढील 181 व्यक्तींचा अभ्यास झाला व तो 2019 साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांच्यापैकी निम्म्यांना अडचणींतून मार्ग काढण्यास, झोप सुधारण्यास आणि सरकारी योजनांचा लाभ मिळविण्यास साहाय्य केले. वर्षभरात त्यांच्यापैकी 4 जणांना नैराश्याने ग्रासले. ज्यांना हे साहाय्य मिळाले नव्हते, त्यांच्यापैकी 13 जणांना. गोव्यातील 'संगाथ' संस्थेने या भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातही आशा कार्यकर्तींना नैराश्यावरील समुपदेशन शिकविण्याचे काम केले आहे. अशा सेवेचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च विम्यात यावा, ही मागणी न्याय्य आहे. ती आपण संघटितपणे मांडली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हाती असलेले तरी करू या. यंदा उत्सवाला गावी जाल, तेव्हा वडीलधाऱ्यांचे विमापत्र स्वतः वाचा. मानसिक विकार, प्रतीक्षाकाळ आणि बाह्यरुग्ण उपचार यांविषयीची कलमे पाहा. आयुष्मान कार्ड नसल्यास काढून द्या. 14416 हा टेलिमानसचा निःशुल्क क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. महाजनांच्या नोंदवहीत आपण उत्सवाच्या सेवा लिहितो. त्याच वहीत गावी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे आणि आठवड्यातून एकदा त्यांची विचारपूस करणाऱ्याचे नावही लिहिले जावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

वहिनींच्या देवघरात आता पुन्हा दिवा लागतो. औषधांइतकेच श्रेय रोज दुपारी येऊन बसणाऱ्या शेजारणीलाही आहे. तिच्या त्या सेवेचे मोल अद्याप कोणत्याही विमापत्रात लिहिलेले नाही.

श्रीचरणी सर्वांचे क्षेम चिंतून मी आपली रजा घेतो.